कऱ्हाकांठची परकी राख

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला ज्वालामुखी आणि भूकंप हे दूरदेशचे प्रकार वाटतात. खालीं काळा कातळ, त्यावर काळी माती, मधून वाहणारी कऱ्हा किंवा नीरा. येथें हलण्यासारखें आहे तरी काय, असें कोणीहि म्हणेल. परंतु बारामती तालुक्यांतील मोरगांव, जें आपणांस मयूरेश्वराचें क्षेत्र म्हणून ठाऊक आहे, तेथें कऱ्हेच्या कांठच्या जुन्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सांपडतो. ही राख येथची नव्हे. ती सुमारें तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या सुमात्रा बेटांतील तोबा ज्वालामुखीची आहे. बाकीची केव्हांच धुपून गेली असावी. कांहीं कऱ्हेनें नीरेंत आणि नीरेनें इंदापूर तालुक्यांतील नरसिंगपूरच्या संगमावर भीमेच्या स्वाधीन केली असेल.

तोबा पेटला कशामुळें? पृथ्वीचें कवच अखंड नाहीं. त्याचे प्रचंड तुकडे, म्हणजेच भूपट्ट, अतिशय संथपणें सरकत असतात. आल्फ्रेड वेगेनर यांनीं १९१२ सालीं खंडें सरकतात असें प्रतिपादन केलें, तेव्हां पुष्कळ भूशास्त्रज्ञांनीं तें हंसण्यावारी नेलें. तें सर्वमान्य व्हावयास १९६० नंतरचा काळ उजाडावा लागला. आपला भूपट्ट आफ्रिकेपासून सुटून उत्तरेकडे निघाला. वाटेंत, सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं, भूगर्भांतील शिलारसाचे थरांवर थर त्यावर पसरले. तोच आपला दख्खनचा काळा दगड. पुढें आशियाशीं टक्कर होऊन हिमालय उभा राहिला. पूर्वेस सुमात्र्याच्या किनाऱ्याशीं याच भूपट्टाची समुद्राखालील कड दुसऱ्या भूपट्टाखालीं बुडते. बुडणाऱ्या खडकाबरोबर पाणी खोल जातें, त्यानें वरचा तप्त खडक वितळतो, आणि तो रस ज्वालामुखीवाटे बाहेर पडतो. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी ह्याच सीमेवरील भूकंपानें उठली होती.

तोबाचा सर्वांत अलीकडचा महास्फोट सुमारें ७४ हजार वर्षांपूर्वींचा. आणखी एक सुमारें ७ लक्ष ९० हजार वर्षांपूर्वींचा. मोरगांवची राख कोणत्या स्फोटाची, यावर विद्वानांत मतभेद आहेत, आणि हा वाद नुसत्या मातीचा नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें २००० ते २००७ या काळांत येथें उत्खनन केलें. याच गाळांत आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. राख जुनी ठरली, तर आपली मानवजात जन्मास येण्याच्या कितीतरी आधीं कऱ्हेकांठीं कोणीतरी हातांत हत्यार घेऊन वावरत होतें, असें मानावें लागेल.

पृथ्वीचें चुंबकत्व अधूनमधून उलटें होतें. सध्यांची दिशा सुमारें ७ लक्ष ८० हजार वर्षांपूर्वीं आली. मोरगांवच्या थरांत उलटें चुंबकत्व आढळलें, म्हणून ते त्याहून जुने, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष राखेंतील कांचेच्या कणांचें रसायन पाहून ती अलीकडच्या स्फोटाची ठरवितो. हत्यारें जुन्या थरांतून वाहत येऊन तींत मिसळलीं, असें त्याचें म्हणणें. नदीचा गाळ असा फसवा असतो, हें खरें. तरीहि मला पहिला पक्ष सबळ वाटतो. कारण तोबाच्या निरनिराळ्या स्फोटांच्या राखा रसायनानें इतक्या सारख्या असतात, कीं केवळ तेवढ्यावरून निवाडा करणें धाडसाचें होय.

श्रोतेहो, आपला भूपट्ट आजहि वर्षाला सुमारें ५ सेंटिमीटर ईशान्येस सरकतो. पहिल्या पक्षाचें म्हणणें मान्य केलें, तर ती राख पडल्यापासून मोरगांव, मयूरेश्वराच्या देवळासकट, सुमारें ४० किलोमीटर सरकलें आहे. बारामतीहून इंदापूर याहून थोडेंसेंच दूर आहे.