आजीची विडी, नातीची सिगारेट

१९२९च्या ईस्टरला न्यूयॉर्कमध्ये काही तरुणींनी भररस्त्यात सिगारेटी पेटवल्या. ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणून त्या गाजल्या. बेत मात्र तंबाखू कंपनीने नेमलेल्या एडवर्ड बर्नेजचा. इकडे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली बाई विडी ओढत होती, त्यात बंड कुणालाच दिसले नाही. तिचे खरे बंड १९४५चे: झरीच्या सभेनंतर जमीनदाराची वेठ नाकारण्याचे. त्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आज तलासरीत आहे. तिथल्या मुलीने सिगारेट पेटवली तर बोभाटा होईल. आजीच्या विडीचा कधी झाला नाही. आणि गाजावाजाही धुराचाच! २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया २ टक्के होत्या. मिश्री, गुटख्यासारखा बिनधुराचा तंबाखू घेणाऱ्या १२.८ टक्के.