कंपाउंडर, फार्मासिस्ट आणि भिंतीवरचा दाखला

आमच्या तालुक्याच्या गावात औषधाच्या दुकानात शिरले की भिंतीवर काचेच्या चौकटीत दोन कागद दिसतात. एक दुकानाचा परवाना, दुसरा फार्मासिस्टच्या नोंदणीचा दाखला. दाखल्यावर ज्याचे नाव आहे तो माणूस दुकानात कोठे आहे, हा प्रश्न मी गेली पंचवीस वर्षे विचारीत आलो आहे. मी डॉक्टर नव्हे, वकीलही नव्हे. दुकान-कामगारांची संघटना बांधताना जो कायदा वाचावा लागला, तेवढेच माझे शिक्षण.

एके काळी या देशात औषध कोणीही विकावे अशी स्थिती होती. निकस व भेसळीच्या औषधांविरुद्ध ओरड वाढली, तेव्हा १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला. औषधावर नियंत्रण हवे, तसेच ते देणारा माणूसही शिकलेला व नोंदलेला हवा, असा त्याचा रोख होता. पण शिकलेला माणूस आणायचा कोठून? महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात या विषयाचे शिक्षण सुरू केले तेच मुळी १९३२ साली. औषधांचा कायदा १९४० साली झाला, त्याचे नियम १९४५ साली आले आणि माणसांचा कायदा, म्हणजे फार्मसी अ‍ॅक्ट, १९४८ साली. बाटली आधी आणि माणूस मागून, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

तोवर काम कोण करीत होते? कंपाउंडर! आमच्या लहानपणापर्यंत हा माणूस गावोगाव होता. रोग्याने घरून बाटली धुऊन आणायची. हा डॉक्टरांची चिठ्ठी वाचून मिक्स्चर ढवळणार, बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवणार आणि एकेक खूण दाखवून ‘जेवणानंतर’ असे दोनदा बजावणार. खलात घोटलेल्या पुड्या बांधताना त्याची बोटे तराजूसारखी चालत. शाळा सातवीपर्यंत, पण कोणत्या औषधाबरोबर कोणते चालत नाही हे त्याला पाठ असे. चुकाही होत असतील, मी त्याला देव करीत नाही.

१९४८ च्या कायद्याने या माणसाला न्याय दिला, हे मी मुद्दाम सांगतो. पहिली नोंदवही तयार करताना पदवी-पदविकेबरोबरच, ज्याने दवाखान्यात वा दुकानात पाच वर्षे चिठ्ठीबरहुकूम औषधे तयार केली आहेत, त्यालाही नोंदवहीत जागा होती. हाताच्या कसबाला कायद्याने कागद दिला. आणखी एक शहाणपण असे की, नोंदलेल्या फार्मासिस्टवाचून चिठ्ठीवरचे औषध कोणी देऊ नये, हे कलम लगेच लागू केले नाही. प्रत्येक राज्याने आपापली तारीख ठरवायची होती. ज्यांनी ठरवलीच नाही, त्यांना १९७६ च्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत दिली, ती पुढे आठ वर्षांची झाली. म्हणजे १९८४ साल उजाडले! छत्तीस वर्षे माणसांची वाट पाहिली गेली.

मधल्या काळात अनुभवाचे दार मिटले. आता बारावी शास्त्र, दोन वर्षांची पदविका आणि पाचशे तासांचे प्रत्यक्ष काम, हा रस्ता. तो योग्यच आहे. आजची औषधे खलात घोटायची नाहीत. पण पदविका घेतलेला मुलगा तालुक्याच्या गावात काउंटरवर बारा तास उभा राहील असा पगार त्याला कोण देतो? तो शहरात जातो, कारखान्यात जातो. मागे राहतो त्याचा दाखला, महिन्याच्या भाड्याने. लोकवस्ती हजाराच्या आत असलेल्या खेड्यात तापाच्या गोळ्यांसारखी काही घरगुती औषधे परवान्यावाचून विकता येतात. तेथे निदान भिंतीवर खोटे काही टांगलेले नसते.

आमच्या संघटनेकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एका मेडिकल स्टोअरमध्ये अठरा वर्षे राबलेला माणूस, दाखला नसलेला. सारे गाव त्यालाच ‘फार्मासिस्ट’ म्हणे. निरीक्षक आले तेव्हा फार्मासिस्ट हजर नव्हता. मालकाने सांगितले, ‘हा आमचा झाडलोटीचा नोकर, माझ्या माघारी औषध देत होता.’ दुसऱ्या दिवशी त्याला काढले. आम्ही भिंतीवरच्या नावाचा शोध घेत जिल्ह्याच्या गावी गेलो. तो तरुण एका खाजगी कचेरीत हिशेब लिहीत होता. घाबरला बिचारा. वडिलांच्या कर्जासाठी दाखला दिला, म्हणाला. मग त्याने आम्हालाच विचारले, दुकान बाजारपेठेत आहे की स्टँडजवळ?

चार महिन्यांचा पगार आणि थकलेल्या रजेचे पैसे यावर तडजोड झाली. तो अठरा वर्षांचा अनुभवी माणूस आज किराणा दुकानात आहे. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका अजून औषधाची पाकिटे घेऊन त्याच्याकडे जातात, आणि तो चष्मा लावून त्यांना सकाळची गोळी कोणती, रात्रीची कोणती हे सांगतो.