आजीविकांचा नियतिवाद आणि पुरुषकाराचा प्रश्न

लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. दैव आणि पुरुषकार यांच्या वादाशी मराठी विद्यार्थ्याचा परिचय बहुधा तेथेच होतो, आणि म्हणून हा वाद कर्मसिद्धांताच्या घरातला, त्याच्या दोन टोकांमधला आहे अशी त्याची समजूत होऊन बसते. वस्तुतः बुद्ध आणि महावीर यांच्या काळी मगध-कोसल प्रदेशात कर्मसिद्धांताच्या बाहेर उभा राहून मनुष्याच्या गतीविषयी बोलणारा एक प्रबळ पक्ष होता. मनुष्याने केलेले कर्म त्याची गती ठरवीत नाही. ती नियतीने ठरलेली आहे, हे त्याचे प्रतिपादन. हा पक्ष आजीविकांचा, आणि त्याचा प्रमुख आचार्य मक्खलि गोसाल.

आजीविकांचा स्वतःचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचे जे मत आपणांस माहीत आहे ते बौद्ध आणि जैन या त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी लिहून ठेवलेले आहे. वेणीमाधव बरुआ यांनी १९२० मध्ये आणि ए. एल. बाशम यांनी १९५१ मध्ये ही विखुरलेली सामग्री परिश्रमपूर्वक एकत्र केली. त्यानंतर ‘नियतिवाद म्हणजे निष्क्रियतेचे तत्त्वज्ञान’ हे जुने समीकरण टिकावयास नको होते. तरीही पाठ्यपुस्तकांत ते अजून आढळते. प्रतिपक्षाने केलेला आरोप आणि प्रतिपक्षाच्याच लेखणीतून नकळत उतरलेली माहिती यांत भेद केला, तर हे समीकरण टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात गोसालाचे मत राजा अजातशत्रूच्या मुखातून येते. प्राण्यांच्या मलिनतेस हेतू नाही, शुद्धीसही नाही; बल नाही, वीर्य नाही, पुरुषकार नाही; सर्व जीव नियती, संगती आणि भाव यांनी परिणत होऊन सुखदुःख भोगतात. चौऱ्यायशी लक्ष महाकल्प संसरण करून मूढ आणि पंडित दोघेही सारखेच दुःखाच्या अंतास पोहोचतात. फेकलेला सुताचा गुंडा सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसे हे आहे. हा दृष्टांत सामान्यतः निराशेचा मानला जातो; परंतु गुंडा संपतो, हेही त्यातच आहे. कोणीही जीव कायमचा पतित राहत नाही. नित्य नरकाची कल्पना या दर्शनात बसूच शकत नाही, ही गोष्ट टीकाकारांच्या लक्षात क्वचितच येते.

हे मत सांगणारा कोण आहे, हेही पाहिले पाहिजे. अजातशत्रूने पिता बिंबिसार याचा वध केला होता, आणि सुत्ताच्या शेवटी तो त्याची कबुली देतो. कर्त्याला कर्तृत्वच नाही असे सांगणाऱ्या आचार्याकडून या पितृघातक्याचे समाधान झाले नाही, ही संगीतिकारांची योजना केवळ कथेची सोय नव्हे. अपराधाची जाणीव ज्याला जाळते आहे त्याला नियतिवाद पुरत नाही, असा अभिप्राय त्या रचनेत आहे. हा आक्षेप गंभीर आहे. पण तो आळसाचा आक्षेप नव्हे.

आळसाच्या आरोपाची अडचण अशी, की आजीविक हे उग्र तपस्वी होते. मज्झिमनिकायात सच्चक नावाचा वादी नंद वच्छ, किस संकिच्च आणि मक्खलि गोसाल यांच्या नग्नतेचे व भिक्षेच्या कठोर नियमांचे वर्णन करतो. मग मधूनमधून ते उत्तम भोजनही करतात, असेही त्याच्याकडून वदवून घेतले जाते. जैनांच्या ठाणांगसूत्रात तर आजीविकांच्या तपाचे चार प्रकार सांगितले आहेत: उग्र तप, घोर तप, रसत्याग आणि जिव्हेंद्रियाचा निग्रह. ज्या जैनांनी गोसालाची निंदा करण्यात कसर ठेवली नाही, त्यांनीच ही नोंद करावी, यावरून तिची विश्वसनीयता ध्यानात येते.

सर्व ठरलेलेच असेल तर तप कशासाठी? विरोधकांना येथे विसंगती दिसली. परंतु हा प्रश्न तप हे साधन आहे असे गृहीत धरून विचारलेला आहे. नियतिवादी उत्तर देईल की तप हे मोक्षाचे कारण नव्हे, मोक्ष जवळ आल्याचे चिन्ह होय. ज्याचा गुंडा संपत आला आहे तो तप करतोच. न करणे त्याच्या हाती नाही. अंगुत्तरनिकायात पूरण कस्सपाच्या नावावर आलेल्या सहा अभिजातींच्या वर्गीकरणात आजीविक भिक्षू शुक्ल आणि वरील तिघे आचार्य परमशुक्ल गणले आहेत. म्हणजे संन्यास ही संसरणाच्या प्रवासातील एक पायरी मानली जात होती. युरोपात सोळाव्या शतकात कॅल्व्हिनच्या अनुयायांपुढेही याच जातीचा प्रश्न उभा राहिला, आणि पूर्वनियोजनाच्या श्रद्धेतून तेथे शैथिल्य न येता कडक शिस्त आली. साम्य येवढेच, त्यांचा ईश्वर आजीविकांपाशी नव्हता.

जैन आगमांतील उवासगदसाओ या ग्रंथात सद्दालपुत्त नावाच्या कुंभाराची कथा आहे. तो पोलासपूरचा धनिक, आजीविकांचा उपासक; नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती. उन्हात वाळत घातलेली भांडी पाहून महावीर त्याला विचारतात, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाविना? सद्दालपुत्त आपल्या मताला जागून उत्तर देतो की प्रयत्नाविना. सर्व भाव नियत आहेत. तेव्हा महावीर पुढे विचारतात, कोणी ही भांडी फोडली, किंवा तुझ्या पत्नीशी, अग्गिमित्तेशी, दुर्वर्तन केले तर तू काय करशील? मी त्याला मारीन, बांधीन, प्राणही घेईन, असे तो म्हणतो. मग तुझ्या मते तर कोणी काही केलेच नाही, तू शिक्षा कोणाला करणार? सद्दालपुत्त निरुत्तर होतो आणि श्रावक बनतो.

ही युक्ती अत्यंत प्रभावी आहे. तत्त्वज्ञानाचे वर्ग घेणाऱ्यास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. तथापि ती नेमकी काय सिद्ध करते? नियती असत्य आहे असे ती सिद्ध करीत नाही. क्रोध आणि दंड यांच्या व्यवहारात आपण दुसऱ्याला कर्ता मानतो, येवढेच दाखवते. माझा क्रोधही नियतच आहे, असे उत्तर सद्दालपुत्ताला देता आले असते. ग्रंथकाराने ते त्याला देऊ दिले नाही. मात्र या कथेतून एक ऐतिहासिक तथ्य हाती लागते: नियतिवादाचा हा उपासक पाचशे दुकाने चालवणारा उद्योगी माणूस होता, आणि जैन कथाकाराला त्यात काही विपरीत वाटले नाही.

दुसरी कथा याहून सूचक आहे. भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकात गोसालाचे चरित्र येते. चित्रे दाखवीत हिंडणाऱ्या मंखाचा, आपल्याकडील चित्रकथ्यासारख्या भिक्षेकऱ्याचा, हा मुलगा. गोठ्यात जन्मला म्हणून गोसाल. तो महावीरांबरोबर प्रवास करीत असता वाटेत तिळाचे रोप लागते. याच्या सात फुलांतील जीव याच रोपाच्या एका शेंगेत सात तीळ होऊन जन्मतील, असे महावीर सांगतात. त्यांना खोटे पाडण्यासाठी गोसाल रोप उपटून टाकतो. पाऊस पडतो, रोप पुन्हा रुजते, आणि परतताना शेंगेत सात तीळ सापडतात. यावरून गोसाल नियतिवादी झाला, असे ग्रंथ सांगतो. निंदेसाठी रचलेल्या या कथेत भविष्य अचूक सांगणारे महावीरच आहेत. जे सर्वज्ञाला आधीच दिसते ते टळणार कसे, हा प्रश्न त्यामुळे जैन दर्शनाच्या दारातही येऊन उभा राहतो.

जैन तत्त्वज्ञांना तो टाळता आला नाही. सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुष यांपैकी एकालाच कारण मानणे मिथ्यात्व व सर्वांचा समवाय मानणे सम्यक्त्व, अशी व्यवस्था लावली. म्हणजे गोसालाची नियती हद्दपार झाली नाही. तिला पाचांत एक जागा देऊन सामावून घेण्यात आले. विसाव्या शतकात कानजीस्वामींनी क्रमबद्धपर्यायाचा सिद्धांत मांडला तेव्हा दिगंबर समाजात जो वाद माजला, त्यात हाच जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढताना दिसतो.

ब्राह्मणी परंपरेतही या विचाराचे पडसाद आहेत. शांतिपर्वातील मंकीच्या आख्यानाकडे बाशम यांनी लक्ष वेधले आहे. मंकी आणि मक्खलि ही नावे एकच असावीत, हे त्यांचे अनुमान नामसाम्यावर फार भार टाकते, पण आख्यानाचा आशय खरोखर जवळचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ते सहज पाहता येईल. उरलेल्या द्रव्यातून मंकी दोन गोऱ्हे घेतो. जुंपलेले गोऱ्हे बसलेल्या उंटाकडे धावतात, जू उंटाच्या मानेत अडकते, आणि उंट त्यांना लोंबकळत घेऊन पळत सुटतो. मरणारे गोऱ्हे पाहून मंकी म्हणतो की हे केवळ दैव. आणि पौरुष म्हणून काही असलेच तर शोधांती तेही दैवच ठरते. यावर तो हातपाय गाळून बसत नाही. तो कामना सोडतो. कर्तृत्वाचा अभिमान गळणे आणि कर्तव्य टाळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या कथेच्या रचनाकाराला स्पष्ट दिसत होते.

संप्रदायाच्या प्रतिष्ठेविषयी शिलालेखांची साक्ष निःसंदिग्ध आहे. अशोकाने राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी गयेच्या उत्तरेस बराबर टेकडीवरील दोन गुहा आजीविकांना दिल्या. आतील भिंतींची आरशासारखी झिलई आजही पाहणाऱ्यास चकित करते. सातव्या स्तंभलेखात संघ, ब्राह्मण व निर्ग्रंथ यांच्याबरोबर आजीविकांचाही उल्लेख आहे. त्याचा नातू दशरथ याने राज्यावर येताच नागार्जुनी टेकडीवरील तीन गुहा त्यांनाच दिल्या. पुढे यांपैकी काही लेखांतून ‘आजीविक’ हा शब्द छिन्नीने उडवला गेला, आणि मौखरी अनंतवर्म्याच्या काळात या गुहांत अन्य देवतांच्या मूर्ती बसल्या.

उत्तरेत त्यांचा मागमूस विरळ होत गेला, तरी दक्षिणेत ते मध्ययुगापर्यंत टिकले. चोळकालीन तमिळ लेखांत आजीविकांवरील कराचे उल्लेख आहेत, मणिमेखलैत त्यांच्या मताचे निरूपण आहे, आणि तेराव्या शतकातील शैव ग्रंथ शिवज्ञानसिद्धियार त्यांचे खंडन करतो. नीलकेशी या जैन काव्यात व त्यावरील टीकेत त्यांच्या विचाराचे जे उत्तरकालीन रूप दिसते ते मात्र गोसालाच्या पुढे गेलेले आहे. त्यांनी तेथे अविचलित नित्यत्वाचा पक्ष घेतलेला दिसतो: काहीही नव्याने घडत नाही, काहीही नष्ट होत नाही, बदल हा केवळ भास. सर्व काही ठरलेले आहे या विधानातून सर्व काही आधीपासूनच आहे या विधानापर्यंतचा हा प्रवास, आणि गुंड्याचा दृष्टांत. सूत उलगडण्यापूर्वी ते सगळे गुंड्यातच असते.