हँडल कुणासाठी वाकतं?

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज सायकलचं हँडल.

झालं असं, धुळे-चाळीसगाव गाडीत सोबत नेता यावी म्हणून मी घडीची सायकल घेतली. मग एक व्हिडिओ बघून तिचं उंच हँडल काढलं आणि सरळ दांडीचं बसवलं. एकदम रेसर! महिनाभरात डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. मी दिवसभर कोड टाइप करणारा माणूस. बटण दाबलं की नाही तेच कळेना, तेव्हा घाबरलो. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सायकलकडे एकदा बघितलं आणि अहिराणीत विचारलं, "हात दुखतस का रे?"

त्यांना नुसतं बघून कसं कळलं? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१८७०-८० च्या काळात इंग्लंडमध्ये पुढचं चाक अवाढव्य असलेली पेनी-फार्दिंग चालायची. चाक अडलं की स्वार तोंडावर! कारण पाय हँडलखाली अडकायचे. यावर व्हॉटन नावाचं हँडल निघालं. ते मांड्यांच्या मागून वळून यायचं, म्हणजे पडताना निदान पायांवर उडी मारता यावी. विचार करा, पडायचं कसं हे ठरवून हँडल वाकवलं होतं!

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली. चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला चेन. पडायची भीती कमी झाली आणि हँडलला दोन वाटा फुटल्या. शर्यतवाल्यांनी वारा चुकवायला ते खाली वाकवलं. रोजच्या कामाच्या सायकलीवर ते उंच आणि मागे, स्वाराकडे वळलं. आबांची काळी सायकल या दुसऱ्या घरातली. पाठ ताठ, वजन सीटवर, तळहातावर जवळजवळ काहीच नाही. कॅन लटकवून दूध घालणारे भाऊ याच हँडलवर आयुष्यभर फिरले.

आता घडीची सायकल. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने ब्रिटिश पॅराट्रूपर्ससाठी अशी सायकल बनवली. विमानातून टाकताना ती उलटी सोडायचे, आधी सीट आणि हँडल जमिनीला लागायचं, म्हणजे चाकं वाचायची. पुढे १९७० च्या दशकात लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी ब्रॉम्प्टन घडवली. तिचं मूळ हँडल इंग्रजी यू अक्षरासारखं, उंच. कंपनीने नंतर सरळ हँडलही दिलं, पण त्यासाठी खालचा उभा दांडा जास्त उंच केला.

इथे माझी ट्यूब पेटली! मी दांडा तोच ठेवून फक्त हँडल बदललं होतं. मुठी खाली गेल्या, मी पुढे वाकलो, सगळा भार तळहातांवर आला आणि करंगळीकडे जाणारी नस दाबली गेली. आबांनी हँडल नाही, माझी पाठ बघितली होती.

म्हणून निवडताना क्रम असा ठेवा. आधी शरीर: मनगट सरळ राहतंय का, कोपर सैल आहे का? मग रस्ता: छोटं चाक खड्ड्यात पटकन वळतं. थोडं रुंद हँडल त्याला आवरतं, पण फार रुंद घेतलं तर लांब दांडा लवचतो. शेवटी घडी: हँडल चाकाला किंवा फ्रेमला लागत नाही ना, ब्रेकच्या तारा ताणल्या जात नाहीत ना? दांडा वरखाली होणारा असेल तर त्यावरच्या खुणेच्या वर काढू नका. आणि बोटं बधिर राहिली तर हँडलच्या नादी न लागता डॉक्टरांना दाखवा.

मी जुनं उंच हँडल परत बसवलं. हळूहळू बोटं शुद्धीवर आली. दिसायला आता रेसर नाही राहिली, चालेल. परवा आबा अंगणात तिच्यावर बसले, दोन चकरा मारल्या आणि उतरून एवढंच म्हणाले, "आते शे बराबर."

भेटू पुढच्या भागात!