स्त्रीमतदार व नावाची नोंद

भारतातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या (१९५१–५२) मतदारयाद्या तयार होत असताना उद्‌भवलेला, स्त्रीच्या राजकीय हक्काचा तिच्या स्वतंत्र ओळखीशी असलेला संबंध स्पष्ट करणारा प्रश्न. काही राज्यांत असंख्य स्त्रियांची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने न होता ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ अशा नातेदर्शक वर्णनाने झाली होती. स्वतःचे नाव परक्या माणसास सांगू नये, असा तेथील रिवाज होता.

या प्रश्नाची पूर्वपीठिका वसाहतकालीन कायद्यांत आढळते. १९१९ च्या कायद्याने स्त्रियांच्या मताधिकाराचा निर्णय प्रांतिक विधिमंडळांवर सोपविला. त्यानुसार १९२१ मध्ये मद्रास व मुंबई प्रांतांनी स्त्रियांवरील प्रतिबंध दूर केला. तथापि मालमत्तेची अट कायम राहिल्याने फार थोड्या स्त्रियांना त्याचा लाभ झाला. १९३५ च्या कायद्याने मतदार स्त्रियांची संख्या वाढविली, परंतु त्यांपैकी पुष्कळ स्त्रियांना हा हक्क पात्र पुरुषाची पत्नी वा विधवा या नात्यानेच मिळाला. अखिल भारतीय महिला परिषदेसारख्या संघटनांनी या पत्नीत्वाच्या निकषास विरोध करून प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. पतीच्या पात्रतेवर आधारलेला मताधिकार हा स्त्रीचा स्वतःचा हक्क ठरत नाही, हे या विरोधामागील तत्त्व होय. संविधानाच्या ३२५ व ३२६ या अनुच्छेदांनी लिंगभेद न मानता प्रौढ मताधिकार देऊन ते मान्य केले [⟶ प्रौढ मताधिकार].

कायद्यातून वगळलेले नाते नोंदवहीत मात्र टिकून राहिले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकीर्दीत आयोगाने, नाव हा मतदाराच्या ओळखीचा आवश्यक भाग असून त्यावाचून कोणाचीही नोंद करू नये, असा आदेश दिला. बिहारमध्ये नावे मिळविण्यासाठी एक महिन्याची मुदतवाढही देण्यात आली. तरीही देशातील सु. ८ कोटी स्त्रीमतदारांपैकी सु. २८ लाख, म्हणजे सु. साडेतीन टक्के स्त्रियांची योग्य नावे मिळू शकली नाहीत व त्यांच्या नोंदी रद्द कराव्या लागल्या. या स्त्रिया प्रामुख्याने बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश या राज्यांतील होत्या.

या निर्णयाचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी करावे लागते. एकाच गावात एकाच नावाचे अनेक पुरुष असू शकतात. शिवाय वैधव्य, पुनर्विवाह वा अपत्याचा मृत्यू यांमुळे नातेदर्शक नोंद निरर्थक होते. त्यामुळे तोतया मतदान रोखण्यास नाव आवश्यक होते. दुसऱ्या बाजूने, रूढीच्या बंधनाची शिक्षा त्या बंधनात अडकलेल्या स्त्रियांनाच झाली. नाव न सांगणे ही त्यांची मर्यादा होती, मताविषयीची उदासीनता नव्हे. नावे वगळल्याने झालेल्या ओरडीमुळेच हा पूर्वग्रह पुढील निवडणुकीपूर्वी दूर होण्यास मदत होईल, अशी सेन यांची अपेक्षा होती. १९५७ च्या निवडणुकीपर्यंत हा अडथळा बराचसा ओसरला.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे रूप निराळे होते. येथे संकोच प्रामुख्याने पतीचे नाव उच्चारण्याचा असे व उखाण्याने त्यातून वाट काढली होती. मात्र विवाहसमयी वधूचे नावच बदलण्याच्या प्रथेमुळे माहेरची व सासरची अशा दोन ओळखी निर्माण होत. स्त्रीमताधिकाराच्या चळवळीत भाग घेणाऱ्या रमाबाई रानडे (मृ. १९२४) यांचे माहेरचे नाव यमुना होते. ज्या नावाने त्या सार्वजनिक जीवनात प्रसिद्ध झाल्या, ते त्यांना विवाहाने मिळालेले होते.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेण्यात आले. त्यानंतरही निवडून आलेल्या स्त्रीच्या नावावर पतीने कारभार चालविण्याचा प्रकार अनेक ठिकाणी दिसून आला व ‘सरपंचपती’ हा शब्द रूढ झाला. १९५१ मध्ये स्त्री होती, पण तिचे नाव नव्हते. येथे नाव नोंदले गेले, पण त्यामागील अधिकार तिच्या हाती आला नाही. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या व्यक्तींच्या नावात शासकीय दस्तऐवजांपुरता आईच्या नावाचा समावेश अनिवार्य केला. ज्यांची नोंद केवळ ‘अमक्याची पत्नी’ वा ‘तमक्याची आई’ अशी झाली होती, त्या २८ लाख स्त्रियांच्या संदर्भात या बदलाचे महत्त्व लक्षात येते. नातेसंबंध नाकारणे हा या इतिहासाचा आशय नाही. नाते हे नावाची जागा घेऊ शकत नाही, हे त्यातून सिद्ध होते.