बोरघाटाचा दोर

चिंचवडहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल ज्या लोहमार्गावरून धावते, तो पुणे–खंडाळा टप्पा १४ जून १८५८ रोजी सुरू झाला आणि खंडाळ्यालाच अडला. मुंबईची गाडी खाली खोपोलीपर्यंत येत असे. मधला घाट प्रवासी पालखीतून वा तट्टावरून पार करीत.

हा घाट जोडण्याचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले होते. १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, ८ मोठे पूल. आजच्यासारखी क्रेन वा पोकलेन नव्हती. होते ते घण, पहार आणि सुरुंगाची दारू. कडा इतका सरळ की, पहिले पाऊल टेकण्याजोगी जागा खोदण्यासाठी मजुरांना वरून दोराने खाली सोडावे लागे. त्याच अवस्थेत ते खडकाला भोके पाडीत. दोर सुटला की खाली उल्हास नदीची दरी.

ऐन भरात ४० हजारांहून अधिक माणसे या कामावर होती. पडून, सुरुंगाने आणि सर्वाधिक पटकीने ती मेली. इतिहासात नावे उरली ती कंत्राटदारांची: फेव्हिएल, मग भारतात येताच मरण पावलेला सॉलोमन ट्रेडवेल, आणि त्याच्यामागे कंत्राट पुरे करणारी त्याची पत्नी अ‍ॅलिस. (तिची कथा स्वतंत्र धाग्याची आहे.)

१८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला. सरकारने पुढच्याच वर्षी कायदा केला. त्यात मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यापुढे झटपट निकाली काढण्याची सोय होती. पण करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही होती. पडून मेलेल्याच्या घरच्यांसाठी काहीच नव्हते. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटमार्गाचे उद्घाटन केले. कामगार भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडले. बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेचा स्वतंत्र केंद्रीय कायदा तर १९९६ चा. तोवर त्या लोहमार्गाकाठी पिंपरी-चिंचवडची औद्योगिक नगरी उभी राहिली होती.

दोराची जागा आता सेफ्टी बेल्टने घेतली आहे, घणाची अजस्र यंत्रांनी. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र उंचावरून कोसळले. २० जण दगावले. बरेचसे परप्रांतांतून आलेले. त्यांची नावे मात्र वृत्तपत्रांत छापून आली.