वरचा उजवा खाना

गेल्या महिन्यात अंधेरीतल्या आमच्या शाळेत एक विक्रेता आला होता. हजेरी, निकाल, फी यांचे तक्ते आपोआप तयार करणारं सॉफ्टवेअर त्याला विकायचं होतं. लॅपटॉपवर त्याने एक मोठा चौकोन दाखवला. आत चार खाने, त्यात कंपन्यांच्या नावांचे ठिपके. म्हणाला, "सर, वरच्या उजव्या खान्यात बघा, आम्ही तिथे आहोत." विश्वस्त साहेब खूश झाले. मी गप्प राहिलो. पैसा देणगीदारांचा, म्हणजे अमानत, आणि त्या चौकोनाची मला काहीच माहिती नव्हती. घरी येऊन वाचायला बसलो.

हा चौकोन गार्टनर कंपनीचा. गिडियन गार्टनर यांनी ती 1979 मध्ये अमेरिकेत सुरू केली. उभ्या रेषेवर कंपनीची अंमलबजावणीची ताकद मोजतात, आडव्या रेषेवर तिची दृष्टी. दोन्हींत पुढे असलेले वरच्या उजव्या खान्यात जातात. गार्टनरचा सल्ला विकत घेणारेही असतात आणि सॉफ्टवेअर विकणारेही. शिवाय चांगली जागा मिळालेल्या कंपन्या तोच अहवाल वाटण्याचा परवाना गार्टनरकडून पैसे देऊन घेतात.

उर्दूवाल्यांना इथे मीर आठवेल. मुहम्मद हुसैन आज़ाद यांच्या 'आब-ए-हयात'मध्ये (1880) किस्सा आहे. आजचे शायर कोण, असं मीरना विचारलं. एक सौदा, एक मी आणि अर्धे दर्द, असं उत्तर आलं. आग्रह झाल्यावर पाव सोज़ही मिळाले. एकूण पावणेतीन, आणि क्रम लावणारा स्वतःच यादीत! किस्सा खरा असो वा नसो, मीर निदान आपलं नाव लपवत तरी नाहीत.

पण मला जास्त बोलकं वाटलं ते 2016 चं वर्ष. आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची व्याख्याच गार्टनरने त्या वर्षी बदलली. तंत्रज्ञाशिवाय सामान्य कर्मचाऱ्याला स्वतः वापरता येणं महत्त्वाचं ठरलं. आयबीएम, सॅप, सॅस आघाडीच्या खान्यातून खाली आले, ओरॅकल तर यादीतूनच गेलं. टॅब्लो, क्लिक आणि मायक्रोसॉफ्ट असे तिघेच वर उरले. या कंपन्यांचा माल एका वर्षात नासला नव्हता, बदलली होती ती फूटपट्टी. नवी फूटपट्टी कदाचित बरीही असेल, पण नुसता ठिपका बघणाऱ्याला ती दिसत नाही.

त्याआधी 2009 मध्ये झेडएल टेक्नॉलॉजीज या कंपनीने खालच्या जागेवरून गार्टनरवर कॅलिफोर्नियात दावा लावला होता. गार्टनरचा बचाव असा की, हे आमचं मत आहे, सिद्ध करायची वस्तुस्थिती नव्हे. न्यायालयाने तो मानला. विक्रेते मात्र तेच मत निकालपत्रासारखं दाखवतात.

हे अमेरिकेचं झालं. आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आयएल अँड एफएसला 2018 च्या मध्यापर्यंत 'ट्रिपल ए' हे सर्वोच्च पतमानांकन होतं. त्या मानांकनाची फी कर्ज घेणारी कंपनीच देते. सप्टेंबरपर्यंत समूहाने हप्ते थकवले. डोक्यावर 90 हजार कोटींहून जास्त कर्ज होतं. भविष्यनिर्वाह निधींचा पैसाही त्यात अडकला, म्हणजे पगारदारांचा.

पुढच्या बैठकीत मी विक्रेत्याला चौकोनाबद्दल काहीच विचारलं नाही. मुलांची उर्दू नावं उजवीकडून डावीकडे नीट उमटतात का, एवढंच विचारलं.

"बघून सांगतो, सर," तो म्हणाला. अजून फोन आलेला नाही.